दाभणबाई आणि खुडूक गाडी

माझ्या वहिनीला आमच्या रस्त्यावर सगळे दाभणबाई म्हणायचे. गाड्यांच्या सीटा शिवणं हा तिचा धंदा, त्यामुळे हातात कायम दाभण. जीभही तितकीच टोकदार, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसलं. कोणी तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. "निदान टाचणी तरी म्हणत नाहीत," म्हणायची.

खरं तर धंदा माझ्या दादाचा. पण तरुणपणीच त्याची पाठ गेली, वाकून स्प्रिंगा बांधणं होईना, तशी वहिनीने बाह्या सरसावल्या. आमच्या ओळीत आधी डेंटिंगवाला, मग रंगवाला, मग बॅटरीवाला आणि सगळ्यात शेवटी आमची पत्र्याची शेड. दादा मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, मी रेक्झिन कापायचे, वहिनी शिवायची. ती डावखुरी होती. लहानपणी त्या हाताने सुई धरते म्हणून शाळेत पट्ट्या खाल्ल्या होत्या, आणि दादाच्या उस्तादानेही "टाके उलटे पडतात" म्हणून नाक मुरडलं होतं. तिने दोघांचंही ऐकलं नव्हतं.

गाडीकडे ती बाहेरून कधी बघतच नसे. बाकीचे लोक गाडीचं तोंड बघायचे, ही थेट दार उघडून आत डोकं घालायची. सीटला पडलेल्या खळग्यावरून सांगायची, हा माणूस एका अंगावर कलून बसतो, ह्याच्या मागच्या खिशात जाडजूड पाकीट असतं, ह्यांच्याकडे सासू पुढे बसते आणि सून मागे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर म्हणायची, "मग तो माणूसच चुकीचा बसतो."

तशात ती गाडी आली.

गाडी ब्रिटिश बनावटीची होती, पण ब्रिटिश म्हटल्यावर जो रुबाब डोळ्यांसमोर येतो त्याचा तिच्यात मागमूस नव्हता. पुढचे दिवे अबोला धरलेल्या जावांसारखे एकमेकींपासून लांब लांब. मागचा भाग गोल फुगलेला, आणि चाकं पोटाखाली अशी गेलेली की अंड्यांवर कोंबडी बसलीय असंच वाटावं. रंग जुन्या दातासारखा पिवळट. त्यात मालक दातांचे डॉक्टर, मग काय विचारता. डेंटिंगवाला म्हणाला, "हिला ठोकायची गरजच नाही, कंपनीनेच ठोकून पाठवलीय." ती मनात येईल तिथे बंदही पडायची, म्हणून बॅटरीवाल्याने तिचं बारसं केलं, खुडूक. नाव असं चिकटलं की पुढे डॉक्टरांच्याही तोंडात तेच आलं.

डॉक्टर बिचारे ओशाळलेले असायचे. गाडी त्यांच्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेने परदेशातून मागवून जावयाला दिली होती. नाही म्हणायची सोय नव्हती. ते ती दवाखान्यासमोर लावतच नसत, कोपऱ्यापलीकडे लावून चालत यायचे. आमच्याकडे आले ते कुत्र्याने मागची सीट फाडली म्हणून.

"बाई, असं काहीतरी बसवा की गाडी जरा बरी दिसेल," ते म्हणाले.

"सीटने गाडीचं तोंड कसं बदलणार डॉक्टर? तुम्ही दात बसवलेत तर नाक सरळ होतं का?" वहिनी म्हणाली. डॉक्टर हसले. त्या गाडीच्या बाबतीत ते हसलेले मी पहिल्यांदाच बघितले.

दुपारी वहिनीने सीट उलटी करून मागची शिवण उसवली आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. "वन्सं, इकडे ये." काम करताना ती कोणाला बोलवत नसे. मला वाटलं दाभण टोचली. गेले तर ती जमिनीवर बसली होती आणि सीट तिच्यासमोर उघडी पडली होती.

वरती कातडं. त्याखाली कापसाचा जाड थर. त्याखाली घोड्याच्या केसांची दाबून बसवलेली गादी, इतकी एकसारखी की तळहाताला कुठे उंचवटा लागेना. मग तरट, आणि त्याखाली स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग शेजारच्या चारी स्प्रिंगांना दोरीने बांधलेली, आणि कुठल्याच गाठीचं टोक बाहेर लोंबत नव्हतं. आम्ही तोवर शेकडो सीटा उघडल्या होत्या. वरून मखमल आणि आत पोत्याचे तुकडे, हेच बघायची सवय. इथे उलटं होतं. सगळं जग जिला हसत होतं तिच्या पोटात असं काम होतं.

"हे बघ," वहिनी म्हणाली. जिथे मशीन पोचत नाही त्या आतल्या कोपऱ्यात हाताने घातलेले टाके होते. "टाका कुठे झुकलाय?"

"झुकलाय की कुठेतरी. मला काय कळतंय त्यातलं?"

"अगं, उलटा झुकलाय. माझ्यासारखा. हे ज्या बाईने शिवलंय ती डावखुरी आहे."

"बाई कशावरून? बाप्या असेल."

"असू दे बाप्या. पण डावखुरा."

तिने दाभण घेतली आणि दोरा न ओवताच जुन्या भोकांतून एकेक करून घालून पाहिली. हात आपोआप फिरत होता, जणू तीच ते कधीतरी शिवून विसरली होती. समुद्रापलीकडे कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी ह्याच हाताने, ह्याच बाजूने बसून हा कोपरा मिटला होता, आणि तो कधी कोणाच्या नजरेला पडेल ह्याची काही शक्यता नसताना मिटला होता. "इथे कोण बघायला येणार होतं गं?" वहिनी पुटपुटली. तिचा इतका हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मग तिने हात कपड्यांना पुसले, आणि पुसलेल्या हाताने तो कोपरा पुन्हा चाचपला.

दादाही काठी टेकत आला. बराच वेळ बघत राहिला. "आपल्याला नाही असं जमणार," म्हणाला.

"जमवायचं," वहिनी म्हणाली.

आणि जमवलंही. एरवी दोन दिवसांत हातावेगळी होणारी सीट तिने कितीतरी दिवस धरून ठेवली. उसवलेलं सगळं जसं होतं तसंच परत रचलं. त्यानंतर आमच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सीटचा आतला कोपरा, गिऱ्हाईक कोणीही असो, तसाच मिटलेला असायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "टेम्पोची सीट आहे वहिनी, उघडून कोण बघणार?" तर म्हणाली, "मी बघितलीच ना?"

डॉक्टर सीट घ्यायला आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "गाडी विकू नका. हिच्या आत फार मोठं काम आहे."

डॉक्टरांनी सीटवर बसून पाहिलं, मान डोलावली. "खरंय बाई. पण रस्त्यावरून बघणारे सीटवर कुठे बसतात?" सासरे गेल्यावर वर्षभरातच त्यांनी ती विकून टाकली.

घेतली एका मधवाल्याने. डोंगरउतारावर त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि त्या हलवायला त्याला काहीतरी चारचाकी हवं होतं. तो दणदणीत माणूस. आल्या आल्या म्हणाला, "मागची सीट काढून फेका. पेट्या ठेवायच्यात."

"फेका?" वहिनीने शिवणं थांबवलं.

"मग? गाडी आहे ही, नवरी आहे का सजवायला? खुडूक ती खुडूक."

वहिनीने वाद घातला नाही. सीट काढली, पण फेकली मात्र नाही. डेंटिंगवाल्याकडून खाली लोखंडी चौकट करून घेतली आणि शेडमध्ये भिंतीला लावून ठेवली. संध्याकाळी दादा सहज तिच्यावर टेकला आणि उठलाच नाही. कुठल्याही खुर्चीवर त्याची पाठ घटकाभर राहायची नाही, पण ह्या सीटवर त्याला डोळा लागला. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. त्या डावखुरीने तुझ्या भावाला झोपवलं." तेव्हापासून ती दादाची जागा झाली. तिथूनच तो गिऱ्हाइकांशी बोलायचा, तिथेच जेवायचा, तिथूनच माझ्या कापण्यातल्या चुका काढायचा.

मधवाला अधूनमधून दिसायचा. गाडीला लाथ मारून दार लावायचा, चालू झाली नाही की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मग एका उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागला. आमच्या रस्त्यावरूनही धूर दिसत होता. त्यानंतर काही दिवसांनी तो आला, आणि आधी गाडीचं दार उघडून, मग ते हाताने सावकाश टेकवून बंद करून आमच्याकडे वळला.

"ह्यांना जरा ठिगळ लावायचंय," तो म्हणाला.

वहिनीने त्याच्यामागे कोणी पाहुणा उभा आहे का ते बघितलं. "ह्यांना म्हणजे कोणाला?"

"ह्यांना. गाडीला."

आम्ही हसलो, पण तो हसला नाही. मग त्याने सांगितलं. पेट्या भरून निघेपर्यंत आगीने खालचा रस्ता धरला होता. राहिली ती वरची पायवाट, बैलगाडीसुद्धा जाणार नाही अशी. धुराने पुढचं काही दिसत नव्हतं, मागे माश्या पेट्यांमध्ये घोंघावत होत्या, आणि खिडकीतून निखारे आत पडत होते. "मला वाटलं, ही नेहमीसारखी आत्ता बंद पडणार. मी तिला आयुष्यभर शिव्या दिलेल्या. आणि बाई, ती चढली. दगडांवरून, मुळांवरून, पोट घासत, धापा टाकत चढली. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि उतरून नुसता तिच्याकडे बघत बसलो." त्याने एकदा वळून गाडीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता एकेरी बोलवत नाही हो मला."

वहिनीने पुढची जळलेली सीट सोडवून घेतली. जळलेलं कातडं आणि कापूस काढला तर खालच्या घोड्याच्या केसांनी निखारा आतच विझवला होता, स्प्रिंगांपर्यंत आच पोचलीच नव्हती. ती मला म्हणाली, "किती लांबचा विचार करून ठेवलाय बघ बयेने." त्या कामाचे पैसे तिने घेतले नाहीत. मधवाल्याने मधाची बरणी ठेवली, ती मात्र घेतली.

पुढे दादा गेला. एका सकाळी त्याच सीटवर चहा पिता पिता, थेंबही खाली न सांडता गेला. वहिनी महिनाभर त्या कोपऱ्याकडे पाठ करून शिवत होती. त्यानंतर मात्र दुपारच्या वेळी स्वतःच तिथे जाऊन बसायला लागली.

दिवस बदलले. नव्या गाड्यांना तयार सीटा यायला लागल्या, काम कमी झालं. मधवाला म्हातारा झाला, गाडी विकायची म्हणू लागला. पण बघायला येणारा हसला की त्याला हाकलून द्यायचा. शेवटी दिली ती एका ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या मुलीला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "ती आली आणि गाडीसमोर उकिडवी बसली. लहान मुलाशी बोलायला बसतात ना, तशी. मग मी काय बोलणार?"

ॲम्ब्युलन्सवाली मुलगी खुडूकला ओढून आमच्या ओळीत घेऊन आली. शिवणीशिवणीत मध, मधात मुंग्या. आणि ही पोरगी डोळे भरून बघत म्हणते, "काय देखणी आहे ना!"

डेंटिंगवाल्याला चहाचा ठसका लागला. पण ती एकटीच तसं म्हणत होती असंही नव्हतं. गाडी रस्त्यावर उभी राहिली की येणारीजाणारी पोरं थांबून फोटो काढायची. कोणी म्हणे असा आकार आता कोणी काढतच नाही, कोणी दिव्यांवरून हात फिरवी. वहिनीला नवल वाटायचं. "दिवे तेच, बूड तेच, रंगसुद्धा तोच. मग बदललं काय गं? आपण इतकी वर्षं बघत होतो ते काय होतं?" तिचं स्वतःचं मत मात्र ठाम होतं. आतून ती गाडी म्हणजे चमत्कार, बाहेरून खुडूकच.

मागची मूळ सीट कुठे मिळेल ते विचारायला ती मुलगी शेडमध्ये आली, आणि वहिनी ज्यावर बसली होती तिकडे बघून बोलता बोलता थांबली. तिला कातडं ओळखू आलं. चौकटही दिसली, शेजारी टेकवून ठेवलेली दादाची काठीही दिसली.

"राहू दे काकू," ती म्हणाली. "मी दुसरीकडे शोधते."

नंतरचे कितीतरी दिवस वहिनी जीभ म्यान करून बसली, तेव्हा ओळीतले लोक मला विचारायला लागले की दाभणबाई आजारी आहे का. मग एका सकाळी मी शेड उघडायला गेले तर सीट चौकटीवरून उतरवलेली, आणि वहिनी मागची शिवण उसवत बसलेली. दादाच्या वजनाने जिथे गादी बसली होती तिथे ती घोड्याचे केस पिंजून भरत होती. सगळं भरलं, पण डाव्या बाजूचा एक खळगा तसाच ठेवला. शेवटचा कोपरा मिटून झाल्यावर तिने मला सांगितलं, "तिला फोन कर. म्हणावं, गाडी घेऊन ये, सीट बसवायचीय."

गाडी आमच्या दारात उभी होती त्या आठवड्यात दातांचे डॉक्टर तिथून जात होते. केस पांढरे झालेले, दवाखाना कधीच बंद केलेला. ते थबकले, परत आले, आणि गाडीभोवती चक्कर मारून ॲम्ब्युलन्सवालीला म्हणाले, "विकणार का?"

"नाही हो काका."

"नका विकू," ते लगेच म्हणाले. मग मागे बसू का म्हणून विचारलं. मालक असताना ते कायम पुढेच बसलेले. आता मागे बसून त्यांनी हात पसरले, छताकडे बघितलं. "बाई, मी ह्या गाडीत असताना सारखा बाहेर बघायचो, कोण हसतंय म्हणून. आत काय आहे ते बघायचं राहूनच गेलं." थोड्या वेळाने म्हणाले, "सासऱ्यांना नजर होती माझ्या. त्यांना कधी सांगितलं नाही." नंतर ते रोजच यायला लागले. कधी पाना धरायला, कधी नुसते बसायला.

गाडी तयार झाली तेव्हा दूरदूरच्या गावांतल्या अशाच गाड्यांच्या मालकांनी ठरवलं की एका सकाळी सगळ्यांनी मिळून घाट चढायचा. ॲम्ब्युलन्सवाली वहिनीला म्हणाली, "काकू, तुम्ही पुढे बसायचं."

वहिनीने आधी सबबी सांगितल्या. काम आहे, गुडघे दुखतात, मला गाडी लागते. खरं कारण मला माहीत होतं. हजारो गाड्या तिच्या हाताखालून गेल्या, पण त्या येऊन निघून जायच्या. ती स्वतः कुठे गेली तर बसने, नाहीतर चालत. गाडीच्या पुढच्या सीटवर बसून तिने कधी गावाची वेससुद्धा ओलांडली नव्हती.

"चल गं," मी म्हटलं. "शिवलीस कशाला मग?"

निघालो तेव्हा धुकं होतं. मी आणि डॉक्टर मागे. वहिनी पुढे ताठ बसलेली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. सुरुवातीला तिचं तोंड चालू होतं: दार नीट लागलंय का, वळणावर हॉर्न दे, ह्या सीटला शिवणीवरचं पायपिंग जरा जाड हवं होतं. घाट लागला तशी ती बोलेनाशी झाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीत धुकं काठोकाठ भरलेलं. गाडी एका लयीत घुमत चढत होती.

वर पठारावर आम्हीच पहिले पोचलो. ॲम्ब्युलन्सवालीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि आम्ही खालच्या वळणांकडे बघत थांबलो. आधी नुसता आवाज आला, खालून, खूप जणांनी एकाच वेळी घसा साफ करावा तसा. मग धुक्यातून दोन दिवे वर आले, लांब लांब. त्यांच्यामागे आणखी दोन. मग आणखी. निळी, हिरवी, लालसर, पांढरी, आमच्यासारखी पिवळट. एकेक गोल पाठ धुक्यातून उचलली जात होती, वळणावर कलत होती, उन्हात येताच चकाकत होती. मागे डोंगरांच्या रांगा तशाच गोल, एकीमागे एक, आणि गाड्यांच्या पाठींची रेघ त्या रांगांना अशी मिळाली की कुठे गाडी संपते आणि कुठे डोंगर सुरू होतो ते मला क्षणभर उमगेना. भंगारात जायच्या होत्या त्या. कोणी लाथा मारल्या होत्या, कोणी कोपऱ्यापलीकडे लपवल्या होत्या, आणि आता पहाटे उठून, पुसूनपासून, त्यांची माणसं त्यांना आभाळाकडे घेऊन चालली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी वहिनीकडे बघितलं. ती काचेला नाक लावून बसली होती. तोंड किंचित उघडं, पर्स पायाशी घसरलेली. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"काकू?" ॲम्ब्युलन्सवालीने हाक मारली. उत्तर नाही. "काकू, बरं वाटत नाहीये का?" तरी उत्तर नाही. तशी त्या पोरीतली ॲम्ब्युलन्स जागी झाली. तिने पटकन वहिनीचं मनगट धरलं आणि नाडी मोजायला सुरुवात केली.

वहिनीने मान वळवली नाही. फक्त दुसऱ्या हाताने तिला दटावलं.

"गप्प बस गं. बघू दे मला."

तिने मनगट सोडवूनही घेतलं नाही. ॲम्ब्युलन्सवाली तशीच हात धरून बसली. खालून गाड्या येतच होत्या, धुकं वर चढत होतं, आणि आमच्यासमोरून प्रत्येक गाडी जाताना वहिनी अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हणत होती, "अगंबाई... अगंबाई..."